डावीकडचा हात

प्रिय बाबा,

('प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. पत्र पूर्ण झालं की परत वाचेन, आणि तेव्हाही खरं वाटलं तर राहू देईन.)

काल बर दुबईच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लागला. तुमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून आपापला अभिप्राय दिला. माझा राहिला. नियम तुमचाच आहे, की फोटो बघून जो गप्प बसला त्याने तो बघितलाच नाही. आता मीच तो काढला, मीच कापला, मीच छापून आणला. बघितला नाही असं कसं म्हणू? म्हणून हे पत्र. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाला बोलणं भित्रेपणाचं असतं, हे मला कळतं. पण बाबा, घरात तुम्हीही उत्तर न देणाऱ्यांनाच बोलायचात.

तुमच्या पद्धतीनेच जाते. आधी चांगलं.

फोटोत तुम्ही छान दिसता. आजारी वाटत नाही. हॉस्पिटलचा निळा गाऊन नको म्हणून तुम्ही आईला भर दुपारी टॅक्सीने शारजाला घरी पाठवून पांढरा शर्ट मागवला होता, तो तुम्हाला शोभतो. कॉलर सरळ आहे. तोंडावर थोडं हसू आहे, फार नाही. आणि डोळ्यांत उजेड आहे. सगळ्यांनी पहिल्यांदा तेच म्हटलं. डोळ्यांतला उजेड.

आता तो उजेड कुठून आला, ते सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण बाकी कुणाला माहीत नाही.

ग्रुपवाले काळजी करत होते. तुम्ही म्हणालात, "एक नीट फोटो पाठवू, म्हणजे लोक गप्प बसतील. अनघा, माझा कॅमेरा आण." खिडकी तुमच्या डाव्या हाताला होती. चेहऱ्याची ती बाजू उजळलेली, दुसरी काळोखात. तुम्हाला ते लगेच कळलं. "अगं, सावली पडतेय. काहीतरी पांढरं धर."

आईने शेजारच्या उशीचा अभ्रा काढला आणि दोन्ही हातांनी ताणून तुमच्या उजव्या बाजूला धरला. खिडकीचा उजेड अभ्र्यावर आपटून तुमच्या तोंडावर आला.

"वर. अजून वर. एवढं नाही. हलतेयस का?"

"नाही हो."

"हलतेयस."

हलत होती ती. तिचा उजवा खांदा आखडलेला आहे, वेणी घालायलाही हात मागे जात नाही. तो खांदा तुमच्यामुळे आखडला असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले की या वयात होतं तसं. मी फक्त इतकंच लिहिते, की तिने तो हात वर धरला आणि तुम्ही फोटो जमेपर्यंत तो खाली घेऊ दिला नाही.

फोटो निघाला. तुम्ही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन बोटांनी चेहरा मोठा केला आणि म्हणालात, "डोळे जमलेत." बाबा, हे तुम्ही मला म्हणालात. मी ते ऐकलं. मला ते नीट ठेवून घ्यायचं होतं, पण तेवढ्यात तुम्ही बोट डावीकडे सरकवलं. "इथे हात आलाय. काप."

आई अभ्र्याची घडी घालत होती. तुमच्यापासून हातभर अंतरावर. ती म्हणाली, "कापेल ती. तुम्ही पाणी प्या."

मग नर्स आली, मग ताप चढला, आणि तो फोटो पाठवायचा राहून गेला. त्या आठवड्यातच तुम्ही गेलात. इथेच तुम्हाला अग्नी दिला, आणि घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या त्या ग्रुपला कळव बाई. वाट बघत असतील." ग्रुप तुमचा, पण 'तुझ्या' म्हणाली ती. मी तोच फोटो टाकला, न कापता. कापायचं डोक्यातच आलं नाही. खाली लिहिलं, की आमचे बाबा आज सकाळी गेले.

फोनवर आधी फोटो दिसतो. मजकूर खाली दडलेला असतो, 'अजून वाचा' दाबल्यावर उघडतो. पहिला अभिप्राय रास अल खैमाच्या एका नव्या माणसाचा आला. "मस्त पोर्ट्रेट. डोळ्यांतला उजेड एक नंबर. फक्त डावीकडचा हात क्रॉप करा. काका एकदम फ्रेश दिसतायत."

दुसरा अल ऐनच्या बाईंचा. "बॅकग्राउंड साधं ठेवलंत ते आवडलं. डावीकडे कुणाचा तरी हात येतोय, लक्ष जातं."

मग हमीदभाई मध्ये पडले. "अरे, वाचा तरी आधी! सर गेले."

आणि मग जे आलं, त्याची तुम्ही कल्पना करू शकाल, कारण ते तुम्हीच शिकवलं होतं. "सरांना भावपूर्ण श्रद्धांजली. सर म्हणायचे, नुसते हात जोडू नका, काय दिसलं ते लिहा. म्हणून लिहितो. उजेड उत्तम. डावीकडचा हात खटकतो." त्याच्याखाली आणखी एक. "सर, तुमची शिकवण विसरणार नाही. चांगलं आधी सांगतो, शर्टाचा पांढरा रंग जास्त उजेडाने फाटलेला नाही. सुधारणा एकच, तो हात." मग एकामागोमाग एक. रडणाऱ्या चेहऱ्यांची चिन्हं, आणि हात. ईश्वर आत्म्यास शांती देवो, आणि हात. तुमच्यावर त्यांचं इतकं प्रेम होतं, की तुमच्या मरणावरही त्यांनी नियम मोडला नाही.

तुमच्या जाण्याच्या बातमीला एकूण चांगला प्रतिसाद मिळाला, बाबा.

मला हसू आलं. थांबेना. आई आतून म्हणाली, "काय झालं?" मी तिला सगळे अभिप्राय वाचून दाखवले. ती पुसायचं फडकं हातात धरून ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढे सगळे म्हणतायत, तर काप की."

हात कुणाचा, ते कुणीच विचारलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी हमीदभाईंचा फोन आला. श्रीवर्धनचे हमीदभाई, तुमचे जुने दोस्त. ग्रुप तुम्ही दोघांनी मिळून काढलात, 'वाळवंटातले फोटोवाले' हे नाव त्यांचं, नियम तुमचे. ते म्हणाले, "बेटा, सरांसाठी हॉल घेतलाय. सगळे येणार, अबू धाबीवाले पण. हाच फोटो मोठा करून लावू, कॅनव्हासवर. फक्त तो हात तेवढा काढून दे. आणि यल्ला, लवकर. प्रिंटवाला सुट्टीवर केरळला चाललाय."

मी म्हटलं, "हमीदचाचा, तो हात आईचा आहे."

"वहिनींचा?" ते म्हणाले. "अच्छा. मग... बेटा, बघ तू. पण सर स्वतः काय म्हणाले असते?"

काय म्हणाला असतात, ते मला विचार करून शोधायची गरज नव्हती. तुम्ही म्हणाला होतात.

मी कशी शिकले, ते आठवतं तुम्हाला? मराठी मला कुठल्याच शाळेने शिकवली नाही. ती तुम्ही शिकवलीत, जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर. समोर एक फोटो ठेवायचात आणि म्हणायचात, "डावीकडून उजवीकडे. काय दिसतं ते लिही. आवडलं-नावडलं नंतर." मी लिहायची. तुम्ही लाल पेनने खोडायचात. 'सुंदर' खोडायचात, 'खूप' खोडायचात. माझी भाषा खोडून उरलेली आहे, बाबा. आजही ऑफिसात एखादी ओळ इंग्रजीत लिहिताना मी तीन वेळा वाचते, आणि कोणी "गुड जॉब" म्हटलं तर माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघते.

माझं कामही तुमच्याच तालमीचं. औद्योगिक क्षेत्रात, तुम्ही पूर्वी कामाला होतात त्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्यांवर, कडधान्यं आणि डबाबंद माल विकणाऱ्या कंपनीत मी कॅटलॉगचे फोटो साफ करते. टिनच्या झाकणात फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडतं, हात, खांदा, कधी अख्खा माणूस. मी ते पुसते. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "आमची अनघा डब्यांची दाढी करते." पाहुणे हसायचे. मीही हसायची. आई चहा आणायला आत जायची.

एकदा तिने तुम्हाला विचारलं होतं, "पोरीला कधीतरी बरं म्हणा की हो. त्या लोकांना किती गोड लिहिता."

तुम्ही म्हणालात, "बाहेरच्यांना गोड, घरच्यांना खरं."

किती वर्षं मी ते वाक्य दागिन्यासारखं वापरलं! मला वाटायचं, जगाला साखर वाटणारा माणूस आम्हाला मात्र अस्सल काहीतरी देतो. तुकाराम आठवतो? संगमेश्वरचा, साइटवर लोखंड बांधतो, सकाळच्या क्रेनचे फोटो टाकतो. त्याला तुम्ही लिहिलं होतंत, "तुकाराम, तुझ्या क्रेनला मान आहे. ती आकाशाला काहीतरी विचारते आहे." त्याच आठवड्यात मी माझा क्रेनचा फोटो दाखवला. तुम्ही चष्मा वर केलात आणि म्हणालात, "क्रेन आहे. मग?"

मी तो फोटो पुसून टाकला. आता वाटतं, एखाद्या दिवशी तुम्ही तुकारामला खरं आणि मला गोड दिलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्याला एक फोटो सुधारता आला असता. मला एक फोटो ठेवता आला असता.

आणि आईला? आईला तुम्ही काहीच दिलं नाहीत, गोडही नाही आणि खरंही नाही. तिला फक्त "वर धर" होतं.

मी लहान असताना शुक्रवारी आपण खाडीवर जायचो. तुम्ही कॅमेरा घेऊन पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन मध्ये, आई थर्माकोल घेऊन मागे. एसीच्या खोक्यातला मोठा थर्माकोलचा तुकडा, तुम्ही जपून ठेवलेला. अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसणारी माणसं, मीना बाझारमधला कापडवाला, मंदिराच्या गल्लीत हार विकणारा मुलगा. ज्याचा फोटो, त्याच्या बाजूला आईने थर्माकोल धरायचा. लोक तिच्याकडे बघायचे. पदराचं टोक दातांत धरून ती दुसरीकडेच बघायची.

मी एकदा विचारलं होतं, "व्हाय कान्ट मम्मा बी इन द फोटो?"

तुम्ही म्हणालात, "मराठीत विचार."

मी मराठी शब्द जुळवत राहिले, तोवर तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे ज्याचा फोटो घ्यायचा त्याच्याकडे, वळला होतात. आज विचारते. आता जमतं मला. आई फोटोत का नव्हती, बाबा?

उत्तर शोधायला मी तुमची हार्ड डिस्क उघडली. खरं तर हेतू चांगला होता. मला वाटलं, हॉलमध्ये तुमच्या शेजारी आईचाही एक फोटो लावू, म्हणजे हात कापल्याचं काही वाटणार नाही. तुम्ही व्यवस्थित माणूस. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती. एक मूळ, एक कापून पक्की केलेली. मी पक्क्या प्रती बघत गेले. माणसं, होड्या, कापडाचे तागे. आई कुठेच नाही. मग मूळ प्रती उघडल्या. तिथे ती होती. थर्माकोलच्या कडेला अंगठा. कोपऱ्यात वाऱ्याने उडालेला पदर. अब्राच्या फळीवर पडलेली तिची सावली. एकात अर्धा चेहरा, डोळे उन्हाने मिटलेले. आई आहे तुमच्या फोटोंत, पण फक्त चुकलेल्या प्रतींत.

आणि तुमचे फोटो मी पहिल्यांदाच सगळे सलग बघितले. ग्रुपवर तुम्ही स्वतःचा एकही टाकला नाहीत. सांगायचात, "मी टाकले तर पोरं बुजतील." बाबा, कुणी बुजलं नसतं. ते ठीक होते. 'ठीक' हा तुमचाच शब्द, माझ्या वहीवर तुम्ही तोच लिहायचात. एकही वाईट नाही. एखादा वाईट असता तर बरं वाटलं असतं, काहीतरी करून बघितलं असं तरी म्हणता आलं असतं. कापडवाला आहे. मग? होडी आहे. मग? हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, हेही लिहून ठेवते. पण तुम्हीच सांगितलंत, घरच्यांना खरं.

आईला शेवटचं विचारायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले. ती वाल सोलत होती.

"आई, हात कापू का?"

"काप गं. त्यांना खपायचं नाही ते."

"तुला काय वाटतं, ते विचारतेय."

"मला?" मी अरबीत विचारल्यासारखं तिने बघितलं. "माझी बांगडी काळी पडलीय त्यात. कापलेलंच बरं."

"आई, तो उजेड तुझ्या हातामुळे आहे. तुझ्या अभ्र्यामुळे."

"असू दे. उजेड राहतोय ना?"

ती वालाची सालं गोळा करत म्हणाली, "केवढ्याला पडतं गं ते कॅनव्हास? थांब, रुपयांत सांग." मी सांगितलं. "नको, दिरहॅममध्येच सांग, कमी वाटतं."

त्या संध्याकाळी मी हात कापला. प्रेमाने कापला, तुमची शेवटची इच्छा म्हणून कापला, असं हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं. तुम्हाला खरं सांगते. रागाने कापला. म्हटलं, हवंय ना एकटं? घ्या. डावीकडची रेघ आत सरकवली, बांगडी गेली, मनगट गेलं, अभ्र्याचा कोपरा गेला. तुम्ही उरलात. आणि खरंच सांगते, फोटो सुधारला. तुमचं बरोबर होतं. तो उजेड आता कुठूनही येत नव्हता, तुमच्याच आतून आल्यासारखा दिसत होता. साधूसंतांच्या तसबिरीत असतो तसा.

कामावर मी प्रत्येक डबा मोठा करून कानाकोपरा तपासते. तुमचा चेहरा मोठा करून बघायची माझी हिंमत झाली नाही. तशीच फाइल पाठवली.

काल हॉल भरला होता. मधोमध तुम्ही, माझ्या उंचीचे, मोगऱ्याचा हार घातलेले. हमीदभाई डोळे पुसत म्हणाले, "माशाल्ला. सरांच्या डोळ्यांत नूर बघा. ही नियत असते माणसाची, उगाच नाही येत चेहऱ्यावर." सगळ्यांनी माना हलवल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला कुणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्हाला पण होता का फोटोचा नाद?" ती म्हणाली, "छे हो. मला कुठला."

तुकाराम ड्युटीचा शर्ट बदलून आला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना? माझे क्रेनचे फोटो खरंच चांगले असतात?"

"का रे?"

"सर म्हणायचे मान आहे, मान आहे. मग मी तेच काढत बसलो. आता क्रेन बघितली की मळमळतं, आईशप्पत. पण सरांना आवडते म्हणून टाकत होतो."

"क्रेन पुरे आता," मी म्हटलं.

"खलास?"

"खलास."

तो इतका हसला, की लोकांनी वळून बघितलं. एवढंच हवं होतं त्याला, बाबा. दोन शब्द. तुमच्या गोडव्याने त्या माणसाला क्रेनशी बांधून ठेवलं होतं आणि तुम्हाला पत्ता नव्हता. पत्ता होता का?

मग आई उठली. भाषणं संपली होती, लोक चहाकडे वळले होते. तिने चष्मा लावला आणि दुकानात किमतीची चिठ्ठी वाचायला वाकते तशी फोटोजवळ गेली. बराच वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होती. मग मला हाक मारली.

"अनू, यांच्या डोळ्यांत काय गेलंय गं?"

मी जवळ गेले. तुमच्या डाव्या बुबुळात एक पांढरा चौकोन होता. उजव्यातही. त्या चौकोनाच्या मागे काळसर काहीतरी. डब्यांच्या झाकणात असं काही दिसलं की ते काय आहे, हे मला एका क्षणात कळतं. कालही कळलं. अभ्रा होता. आणि अभ्र्यामागे, तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही हात वर करून उभी असलेली बाई. अख्खी. डोकं, खांदे, साडीचा घोळ.

"तू आहेस ती," मी म्हटलं.

"मी? एवढीशी?" तिने बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. "दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

हमीदभाई मागून डोकावले. "काय झालं? अरे हो, डाग दिसतोय. काळजी नको बेटा, प्रिंटवाला केरळहून आला की साफ करून घेऊ. तेवढं सोडलं तर फोटो परफेक्ट."

आई त्यांच्याकडे वळली नाही. चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "म्हणजे दिसत होते मी." तेवढंच. मग चहाच्या टेबलाकडे गेली आणि हमीदभाईंच्या बेगमला विचारू लागली, की खजूर कुठून आणलेत.

बाबा, कालपर्यंत माझी एक समजूत होती. मला वाटायचं, की आई तुम्हाला दिसतच नाही. माणसाची नजर असते, एका जागी लागली की बाजूचं विरून जातं. चांगल्या-चांगल्यांचं होतं. त्याला दोष नाही देता येत. मी ते सोडून द्यायच्या बेतात होते.

आता कसं सोडू? ती तुम्हाला दिसत होती. दुखऱ्या खांद्यासकट, अख्खी, दोन्ही डोळ्यांत. ती दिसत असतानाचा तुमचा चेहरा त्या फोटोत आहे, आणि मी सांगितलंच, चेहरा छान आहे. त्यानंतर तुम्ही पाण्याचा एक घोटही न घेता म्हणालात, काप.

खटकलेली गोष्ट एकच सांगायची असते. ही माझी एक.

शेवटी सूचना द्यायची, ही तुमची पद्धत. पण सूचना ज्याला पुढचा फोटो काढायचा आहे त्याला देतात. तेव्हा सूचनेऐवजी काय केलं, ते सांगते. हमीदभाईंना म्हटलं, डाग राहू द्या. फोटो घरी आणला आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला, जिथे तुम्ही माझी वही खोडायचात. बरोबर आईच्या खुर्चीसमोर. म्हटलं, आता बघत बसा तिच्याकडे. मान वळवता येणार नाही, पुढचं गिऱ्हाईक येणार नाही, कापायला हातात काही नाही.

आज सकाळी उठून बाहेर आले, तर आई चहा पीत बसली होती. खुर्ची तिने उलटी फिरवून घेतली होती. तुमच्याकडे पाठ.

"अशी का बसलीस?" मी विचारलं.

"तिकडून उजेड डोळ्यांवर येतो," ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतला.

तुमच्या मागे भिंत आहे, बाबा. खिडकी या बाजूला आहे, आता तिचं तोंड आहे तिकडे.

मी खुर्ची सरळ केली नाही. करणारही नाही, ती तिने लावलीय. फोटोही तिथून हलवणार नाही, आणि रोज डबे पुसणारी मी, तुमचे डोळे कधी पुसणार नाही. एवढं वचन देते. कधी ती वळून बसली, तर तुम्हाला कळेलच.

पत्र परत वाचलं. 'प्रिय' खोडलेलं नाही. तपासलं, खरंच आहे. त्याचाच तर त्रास आहे.

तुमच्या घरचीच,
अनघा